एका बाजूनं ऐकणारा मणी

सार्निचली, २ सप्टेंबर १९८६

नेजला,

हे पाकीट तरी न फोडता परत पाठवू नकोस. मागची दोन परत आली तेव्हा पोस्टातला माणूस सगळ्यांदेखत ओरडला, "हांदान बाई, तुमचीच पत्रं तुम्हाला! एवढ्या लवकर उत्तर कुणाला येत नाही!" रांगेतले सगळे हसले. मीही हसले. काय करणार?

कामाचं सांगते. माझी बदली झाली. तोकातला. आपल्या तोकातला, घरापासून चालत जाता येईल अशा संग्रहालयात. हुकूम हातात आहे. पंधरा ऑक्टोबरपर्यंत हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला जाईल.

तू म्हणशील, आता कशाला? शेजारच्या हाजेर मावशींनी फोन केला होता. तू रागावू नकोस त्यांच्यावर, मीच त्यांना सांगून ठेवलं आहे. आई त्यांना म्हणाली म्हणे, "तुम्ही कोण? बसा, माझी मुलगी चहा करेल." चाळीस वर्षांची शेजारीण! आणि तुला हल्ली ती हांदान म्हणून हाक मारते, हेही कळलं. तुला किती झोंबत असेल ते मी समजू शकते. पण नेजला, याचा अर्थ माझं नाव अजून तिच्याजवळ आहे. ते जायच्या आत मला तिच्यासमोर उभं राहायचं आहे. बाकी काही नको.

अडचण एकच आहे, आणि ती तुला ठाऊक आहे. जिम्मा. कलामिस्साच्या मातीतून निघालेलं जे जे आमच्या संग्रहालयाच्या कोठारात आहे, त्यातला एकूणएक तुकडा माझ्या जिम्म्यावर आहे. ग्रीकांनी ते शहर वसवलं, रोमनांनी वाढवलं, भूकंपानं झोपवलं, आणि त्याची रखवाली नेमकी तोकातच्या हांदानच्या गळ्यात पडली. दुसऱ्या कुणी येऊन सगळं मोजून "मिळालं" अशी सही केल्याशिवाय मला हलता येत नाही. आजवर तीन जण आले. कोठारात डोकावले, कानावर हात ठेवले आणि निघून गेले. एकाला तर दारातच दम्याचा त्रास सुरू झाला. बसस्थानकावर तो बरा दिसला.

बाबा गेले त्या दिवशीही हेच होतं. वरून तपासनीस आले होते, अर्धं कोठार उघडं, अर्ध्याला लाखेचं सील, आणि किल्ली माझ्या कमरेला. तू फोनवर म्हणालीस, "इमामांनी विचारलं, मयताला आपले हक्क हलाल करता का, सगळं माफ करता का, तेव्हा सगळ्या अंगणानं हो म्हटलं. तुझा आवाज नव्हता." ते वाक्य मी रोज ऐकते. पण त्याची माफी मी पुन्हा मागणार नाही. मी गेले असते तर तुरुंगात गेले असते, आणि तू तिथेही भेटायला आली नसतीस.

आता चौथा माणूस येतोय. दुवा कर, किंवा निदान शिव्या देऊ नकोस.

हांदान


सार्निचली, १२ सप्टेंबर

नेजला,

पाकीट परत आलं नाही. म्हणजे तू ते फोडलंस, किंवा चुलीत घातलंस. दोन्ही चालेल.

माणूस आला. लेव्हेंत बे. वय असेल सव्वीस-सत्तावीस, मिशा नुकत्याच ठेवलेल्या, वाग्दत्त वधू सामसूनला. पहिल्या दिवशी कोट घालून आला, दुसऱ्या दिवशी कोट खुंटीला, तिसऱ्या दिवशी बाह्या वर. पळाला मात्र नाही. मी त्याला स्वतःच सांगितलं, "बाळा, नीट विचार कर. घेताना एक सही लागते, सोडताना आयुष्य लागतं." तो थोरल्या बहिणीला म्हणावं तसं म्हणाला, "आब्ला, कुणीतरी घ्यायलाच हवं. नाहीतर तुम्ही इथंच मराल, आणि मोजणी होईपर्यंत तुम्हाला पुरूही देणार नाहीत." आमचा पहारेकरी दुर्मुश एवढा हसला की हातातला चहा सांडला. दुर्मुशला तू ओळखत नाहीस. कोरड्या तोंडाचा माणूस आहे, पण माझ्या बाजूनं आहे. त्याची बायको साती रोज दुपारी भाकरीत चीज आणि कांद्याची पात गुंडाळून पाठवते.

मोजणी चालू आहे. आधी पुतळे. त्यात वेळ गेला नाही, दगडी बायका कुठं पळून जातात? मग मातीचे दिवे. काचेच्या बाटल्या. नाणी, ज्यांच्यामुळे डोळे फुटायची वेळ आली. लेव्हेंत प्रत्येक वस्तू हातात घेऊन दिव्याखाली धरतो. मी मनात म्हणते, अरे उरक. पण तोंडानं म्हणते, सावकाश होऊ दे. वीस वर्षं मी दुसऱ्यांवर याचसाठी ओरडले आहे, आता उरक म्हणायला जीभ वळत नाही.

कोठाराला खिडकी नाही हे तुला कधी सांगितलं होतं का? दुपारी बाहेर आले की समुद्र असा अंगावर येतो की दोन मिनिटं भिंत धरावी लागते. ज्यांना सुट्टी असते ते त्यात पोहतात. मी सार्निचलीत एकदाही पोहले नाही. किल्ली काढून ठेवायची कुणाकडे?

आईला द्राक्षाची पानं अजून खारवता येतात का? हात विसरत नाहीत म्हणतात. मी आले की तिच्याजवळ बसून पानं गुंडाळीन. ती चुका काढेल. काढू दे.

हांदान


सार्निचली, २१ सप्टेंबर

नेजला,

आम्ही अडकलो.

शेवटचा खण होता, मण्यांचा. निळ्या काचेचे, पांढरे-काळे डोळे असलेले, हरभऱ्याएवढे. तेच ते, नजर लागू नये म्हणून आपल्याकडे पोरांच्या दुपट्याला टोचतात तसले, फक्त दोन हजार वर्षांपूर्वीचे. तेवीस असायला हवेत. लेव्हेंतनं मोजले, चोवीस. मी मोजले, चोवीस. दुर्मुशनं मोजले, तोही चोवीस म्हणाला आणि लगेच म्हणाला, "मी मोजलेच नाहीत, मला यात ओढू नका."

तुला वाटेल, जास्तच आहेत ना, मग रडतेस कशाला? इथं कमी पडलं तर चोरी ठरते आणि जास्त निघालं तर त्याहून वाईट. कुठून आलं? कुणी ठेवलं? म्हणजे खरं काढून खोटं ठेवलं का? मग बाकीचे तरी खरे कशावरून? वरून समिती यावी लागते. मागची समिती यायला दीड वर्ष लागलं होतं.

आधी आम्ही निर्धास्त होतो. एखादा बाजारातला नवा मणी मिसळला असेल, ओळखू येईलच. लेव्हेंतनं भिंग घेतलं. अर्धा दिवस तो खाली मान घालून बसला होता. मान वर केली तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. "आब्ला, सगळेच जुने आहेत. चोवीसच्या चोवीस."

दुर्मुश दारातून म्हणाला, "मग सोपं आहे. एक उचला, समुद्रात फेका. तेवीस राहिले. सही करा, घरी जा."

"कुठला उचलू?" मी विचारलं.

"कुठलाही! मणी काय बोलणार आहे?"

"आणि संग्रहालयाचाच फेकला गेला तर?"

"तर समुद्राच्या जिम्म्यावर लिहा," तो म्हणाला.

मला हसू आलं आणि त्याच दमात रडू आलं. लेव्हेंत पाठ करून उभा राहिला. नेजला, मी चोर नाही. मला बाहेर पडायचं आहे, पण चोर होऊन आईसमोर उभं राहायचं नाही. चुकीचा मणी फेकला तर या वीस वर्षांत मी काय केलं?

खण पुन्हा बंद केला. माझ्या किल्लीनं.

हांदान


सार्निचली, १ ऑक्टोबर

नेजला,

हे पत्र तू वाचच. वाचून फाड.

दहा दिवस मी एकच विचार करते आहे, त्या खणाजवळ कोण कोण गेलं? तपासनिसांनी मोजलं त्या फेब्रुवारीत, बाबा गेले तेव्हा. तेव्हा तेवीस होते. त्यानंतर कोठारात मी, आणि कधी दुर्मुश, झाडू घेऊन. आणि एकदा आई.

तुला त्यानंतरचा वसंत ऋतू आठवत असेल. तू तिला म्हणालीस, जाशील तर मला विचारू नकोस, आणि ती तुला न विचारता बसमध्ये बसून एकटी इथं आली. मी तिला घ्यायला गेले तर हातात एक बोचकं आणि तोंडावर राग. घरी चल म्हटलं तर म्हणाली, "आधी मला ते दाखव, ज्यानं तुला बापाच्या मातीला येऊ दिलं नाही."

नियम मोडून मी तिला आत नेलं. बिनडोक्याच्या सगळ्या दगडी बायकांसमोर ती एकेक करून थांबली. "या बिचाऱ्यांना तर डोकंच नाही," म्हणाली, "तुझ्यासारख्याच." मग मण्यांचा खण मीच उघडून दाखवला, म्हटलं, बघ, आपल्याकडच्यासारखेच. तेवढ्यात वर फोन वाजला. मी गेले आणि आले. फार वेळ नव्हता तो. परत आले तेव्हा ती हात शालीखाली घेऊन उभी होती. म्हणाली, "आता तुला काही होणार नाही." मला वाटलं, दुवा पुटपुटली असेल.

आता कळतंय. आपला मणी! पाळण्यात आधी मला टोचलेला, मग तुला. आजीला मळा नांगरताना सापडला होता तो. आपण त्याला काचेचा दागिना समजायचो. आईनं तो त्या खणात ठेवला असणार. सरकारी नोकरीला लोकांची नजर लागते ना! माझ्या रक्षणासाठी ठेवला. आणि त्यानंच मला इथं डांबलं आहे.

पण मी हे शपथेवर सांगू शकत नाही. चोवीस निळे डोळे माझ्याकडे बघतात, त्यातला आपला कुठला ते मला कळत नाही. मी तो शेवटचा पाहिला तेव्हा सात वर्षांची होते. तू धाकटी, तुझ्या दुपट्यावर तो जास्त दिवस होता, आणि नंतर आईची पेटी तूच लावायचीस. मला सांग, तो ओळखायचा कसा? आईला विचार. चांगल्या दिवशी विचार, सकाळी, तिनं चहा घेतल्यावर. तिच्या मनातून तो जायच्या आत.

तू माझ्याशी बोलू नकोस. मण्याबद्दल बोल.

हांदान


सार्निचली, ११ ऑक्टोबर

नेजला,

तुझं पाकीट आलं. पोस्टातला माणूस उठून उभा राहिला, "बाई, या वेळी खरंच उत्तर आहे!" मी रस्त्यातच फोडलं. आत चिठ्ठी नाही, चिटोरं नाही. एक सेफ्टी पिन.

आधी मला इतका राग आला! आपण भांडायला लागलो की आई म्हणायची ना, "पिन आणते, दोघींच्या तोंडाला लावते." मला वाटलं, तू म्हणते आहेस, तोंड बंद ठेव. मी पिन टेबलावर आपटली. दुर्मुशला म्हटलं, "बघ, माझ्या बहिणीचं प्रेम." तो पिनेकडे बघत म्हणाला, "निदान उघडी नाही पाठवली."

घरी येऊन भांडी घासताना आठवलं. हातातलं पातेलं तसंच राहिलं. आई दुपट्याला मणी लावायला बसायची आणि कुरकुरायची. मण्याचं भोक वाकडं होतं. पिन एका बाजूनं सरळ आत जायची, दुसऱ्या बाजूनं घातली की अर्ध्यात अडायची. मग ती माझ्याकडे बघून म्हणायची, "हा हांदानसारखाच आहे. एका बाजूनंच ऐकतो."

माझी नेजला! तुला आठवलं. तू पाठवलंस. शब्द एक नाही, पण पाठवलंस. मी ओल्या हातांनी खुर्चीवर बसून रडले, आणि मला त्याची लाज वाटत नाही.

सकाळी लेव्हेंतला सगळं सांगितलं. आई आत आली होती इथपासून. त्यानं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. "आब्ला, हे तुम्ही मला सांगायला नको होतं."

"दुसरं कुणाला सांगू? उद्यापासून मालक तू."

"कायद्यानं तोही सरकारचाच आहे. जमिनीतून निघालेला."

"मला शिकव कायदा," मी म्हटलं.

मला तो येतो, नेजला. त्या खणातले निम्मे मणी मीच गावच्या बायकांच्या गळ्यातून उतरवून घेतले आहेत, पावती देऊन. दुर्मुशच्या सातीचाही आहे त्यात. ती तेव्हा नुसता गळ्यावर हात ठेवून उभी होती.

मग मी पिन घेतली. वीस वर्षांत या मण्यांना मी कुणाला नखही लावू दिलेलं नाही, आणि आता लोखंडी पिन खुपसत बसले. एका बाजूनं घाला, काढा, दुसऱ्या बाजूनं घाला. जातेय. जातेय. लेव्हेंत भिंग धरून बघत होता. पहिली ओळ संपली. दुसरीही संपत आली. म्हटलं, ही सगळी माझ्याच मनाची गोष्ट आहे, आईनं खरंच दुवाच केली होती. आणि एक मणी अडला. फिरवला, दुसऱ्या बाजूनं घातली, सर्रकन आत. पुन्हा उलटा केला. अडला.

तो बाजूला ठेवून बाकीचेही तपासले. एकही अडला नाही.

लेव्हेंतनं बाह्या खाली केल्या. मग खुंटीवरचा कोट घेतला. "समितीला लिहायचं तर हीच वेळ आहे," म्हणाला. "मी चहा प्यायला जातो. आलो की पहिल्यापासून मोजीन. जे असेल ते असेल." दारात थांबला. "आब्ला, चहा गरम असतो. मला वेळ लागेल."

तो गेला. मी होते, खण होता, आणि त्या बिनडोक्याच्या बायका. समितीला लिहिलं असतं तर माझं नाव स्वच्छ राहिलं असतं. आई मला "तुम्ही कोण, बसा" म्हणेपर्यंत ते स्वच्छ राहिलं असतं. मी तो मणी पिनेत ओवला, ब्लाउजची दोन बटणं काढली आणि पिन आतल्या बाजूनं लावली.

लेव्हेंत आला. मोजले. तेवीस. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. सही केली, मी केली. मग मी कमरेच्या किल्ल्या सोडून त्याच्या हातात दिल्या. त्यानं त्या हातात तोलून पाहिल्या आणि हळूच विचारलं, "आता माझ्याकडून कोण घेणार?"

मी त्याच्या कोटाची कॉलर सरळ केली. इतकंच म्हटलं, "आधी सामसूनला जाऊन लग्न करून ये. मग कोठार उघड." तो हसला. मला ते हसणं ओळखीचं वाटलं आणि मी पटकन बाहेर आले.

उद्या दुपारची बस आहे. समुद्रात जाऊन येईन म्हणत होते. पण नको, वेळ नाही.

हांदान


तोकात, आपल्या दारात, १४ ऑक्टोबर

नेजला,

मी पायरीवर बसून गुडघ्यावर कागद ठेवून लिहिते आहे, म्हणून अक्षर असं. तू दार उघडत नाहीस. मी तीनदा वाजवलं. तू आतल्या बाजूला उभी आहेस हे मला दिसतं, दाराखाली तुझ्या चपलांची सावली आहे.

रस्ताभर मी छातीवर हात ठेवून बसले होते. शेजारच्या बाईला वाटलं, मला काळजाचं दुखणं आहे, तिनं मला दोनदा हुंगायला कोलोन दिलं. सार्निचलीत बस निघाली तेव्हा साती मागून धावत आली, तांब्यातलं पाणी रस्त्यावर ओतलं, पाण्यासारखी जा, पाण्यासारखी परत ये म्हणून. मग खिडकीशी येऊन म्हणाली, "तुमचा मिळाला म्हणे. आमचा राहिला आत. नव्या साहेबांना सांगा, त्याच्यावर लक्ष ठेवा." तिच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं. लेव्हेंत आला नव्हता. त्याला कोठार सोडून येता येत नाही.

मी तुझ्याकडून काही हलाल करून घ्यायला आलेली नाही. तुझे माझ्यावर जे आहेत ते हक्क तुझ्याकडेच ठेव. बाबांच्या वेळी माझं जे चुकलं ते चुकलं, मी उद्या कबरीवर जाईन आणि त्यांना एकटीच हो म्हणेन, उशिरा का होईना. तू सात वर्षं आईबाबांचं केलंस, मी नाही केलं. यातलं काही बदलत नाही. पण मगाशी आईनं आतून विचारलं, "कोण आहे गं?" आणि तू म्हणालीस, "कुणी नाही आई, वारा आहे."

मी ऐकलं.

मणी पिनेतून काढून दोन्ही या कागदात गुंडाळते आहे. उंबरठा झिजला आहे, लहानपणी ज्या फटीतून आपण मांजराला बोट दाखवायचो, तिथून सरकवते. तो आईच्या हातात दे आणि पिनही दे. बघू तरी, तिचे हात त्याला ओळखतात का, कुठल्या बाजूनं घालायची ते त्यांना आठवतं का.

माझ्याकडे आता एकही किल्ली नाही, नेजला. वीस वर्षांत पहिल्यांदा कमर इतकी हलकी आहे की उठताना तोल जातो. आणि या दाराची कडी तुझ्याच बाजूला आहे.

मी इथंच आहे. आई पुन्हा विचारेल, कोण आहे म्हणून. या वेळी तिला खरं सांग.

हांदान